रविवारची मॅच

कोल्हापूर,
फेब्रुवारीचा दुसरा शनिवार

प्रिय मोहित,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आपली ओळख झाली तेव्हा दोघांकडंही मोबाइल होते, त्यामुळं आपल्या प्रेमात चिठ्ठीचपाटी कधी आलीच नाही. तू गोव्यात होतास तेव्हा फोन आणि मेसेज, कोलकात्याला गेलास तेव्हा व्हिडिओ कॉल, आणि आता बंगळूरहून मॅच झाली की येणारा तुझा फोन. मी पडले विज्ञान शिकवणारी बाई. साहित्य, कृती, निष्कर्ष एवढंच लिहायची सवय. सकाळपासून दोन कागद फाडले, हा तिसरा. घरात तुझे आईवडील दोघंही नाहीत. माई अंबाबाईला गेल्यात, अप्पा पेन्शनरांच्या कट्ट्यावर. स्वयंपाक झालाय आणि दुपारपर्यंत मला कुणी हाक मारणार नाही.

आधी इकडचं सांगते. आपल्या पेठेचा फुटबॉल संघ उपांत्य फेरीत टायब्रेकरवर हरला, हे तुला कळलं असेलच. जोतीरामभाऊंनी गॅलरीत इतका आरडाओरडा केला की पुढं चार दिवस त्यांचा आवाज उमटेना. चहाच्या गाडीवर उभे राहून बोटांनीच विचारत होते, किती कप. आता आवाज परत आलाय आणि त्याबरोबर त्यांचा प्रश्नही. मी मोपेड काढली की गाडीवरून विचारतात, ‘वैनी, आमच्या भावाला यंदा मैदानात कवा बघायचं?’ मी हसते आणि गाडी पुढं काढते. उचगावच्या रस्त्यावर सकाळी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. त्यांच्या मागनं मागनं शाळेला पोचेपर्यंत साडीवर उसाचं पाचट आणि धूळ. माईंचे गुडघे थंडीत धरले होते, आता बरे आहेत. अप्पांनी यंदाच्या सीझनची एकही मॅच चुकवली नाही. डोक्यावर टोपी, काखेत घडी घातलेला पेपर, आणि मॅच सुरू झाली की तो पेपर बुडाखाली. शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्या आता त्यांना टोचतात म्हणे.

मी तुला पहिल्यांदा कधी पाहिलं, हे मी तुला कधीच नीट सांगितलेलं नाही. तुला वाटतं गॅदरिंगला. तसं नव्हे. कॉलेजच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन मॅच होती आणि मी कडेच्या पायऱ्यांवर बसून प्रॅक्टिकलच्या आकृत्या काढत होते, कारण लायब्ररीत जागा नव्हती. तुझ्याकडं बॉल आला आणि तू तो सरळ रिकाम्या जागेत मारलास. तिथं आपला एकही खेळाडू नव्हता. माझ्या मागं बसलेल्या पोरांनी तुझ्या सगळ्या खानदानाची आठवण काढली. ‘आरं कुणाला दिलास त्यो?’ म्हणून एक जण उठून उभाच राहिला. तेवढ्यात डावीकडून आपला एक पोरगा वाऱ्यासारखा आला, आणि तो त्या रिकाम्या जागेत पोचला तेव्हा बॉल त्याच्या पायाशी होता. शिव्या देणारेच मग नाचायला लागले. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच कळलं, की तो पोरगा तिथं पोचणार हे त्याच्याही आधी तुला माहीत होतं. असा माणूस आपल्याला कुठं पोचायचंय तेही बघून ठेवेल, असं तेव्हा मला वाटलं असणार. वीस वर्षांच्या मुलीला काहीही वाटतं.

पुढं मी तुझा खेळ बघायला शिकले. बाकीचे बॉलकडं बघायचे, तू बॉल यायच्या आधी मान वळवून सगळं मैदान बघून घ्यायचास. गोल दुसरे कुणीतरी मारायचे, खांद्यावर दुसऱ्यालाच उचलून घ्यायचे. पण गॅलरीतली जुनी माणसं तुझंच नाव घ्यायची. आपला संघ कशात अडकला की सगळ्या पेठेतून एकच आरोळी, ‘मोहित, लांब सोड!’ विद्यापीठाच्या संघात तू गेलास, तिथं कप्तान झालास, आणि मग एकाच आठवड्यात दोन्ही गोष्टी आल्या. रेल्वेतली खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी आणि गोव्याच्या क्लबचा एका वर्षाचा करार.

त्या दिवसांत मी तुमच्या घरातली नव्हते, त्यामुळं जे ऐकलं ते माईंकडून. अप्पांनी आयुष्यभर महापालिकेत कारकुनी केली. त्यांना रेल्वे म्हणजे साक्षात देव घरी चालत आलेला. ते तुला म्हणाले होते, गुडघा काय कुणाचा कायमचा असतोय? नोकरी असती. तू म्हणालास, नोकरी करत खेळायचं असेल तर खेळायचंच कशाला. तू गोव्याला निघालास त्या सकाळी अप्पा आत आरशापुढं दाढी करत बसून राहिले. माई सांगत होत्या, दाढी त्यांनी पहाटे उठल्याउठल्याच केली होती.

गोव्यातलं ते पहिलं वर्ष तू मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलंस. खोलीत एक मणिपूरचा, एक पंजाबचा, एक केरळचा. कुणालाच कुणाची भाषा येत नाही. मैदानावर इंग्लिशचे सहा शब्द पुरायचे आणि खोलीत ते सहाही लागायचे नाहीत. सरावाहून आलं की चौघं भिंतीकडं तोंड करून आपापल्या घरी फोनवर बोलायचे. तू कुणाशी बोलायचास? माझ्याशी. आणि मी काय बोलायचे? गडहिंग्लजला आज बाजार होता, बाबांनी नवा फॅन आणला, असलंच काहीतरी. पण तू म्हणायचास, बोल, थांबू नकोस.

मग कोलकाता. ते दोन सीझन तुझे. तू टीव्हीवर दिसायला लागलास आणि पेठेनं कोपऱ्यावर तुझा एवढा मोठा फ्लेक्स लावला की त्याच्यापुढं पुढाऱ्यांचे वाढदिवस लहान दिसायला लागले. त्याच काळात अप्पा जोतीरामभाऊंच्या गाडीवर चहा प्यायला जायला लागले. घरी चहा होत असताना. गाडीजवळच्या बाकावरची त्यांची जागा ठरलेली, तिथून फ्लेक्स समोर दिसतो. आणि एका मॅचनंतर त्यांनी माईंच्या हातातून फोन घेतला आणि जवळजवळ दोन वर्षांनी तुझ्याशी बोलले. काय बोलले, तर ‘मागनं येणाऱ्याकडं बघत जा की रे. नुसता म्होरं बघतोस.’ एवढं बोलून फोन परत माईंकडं. तू मला त्या दिवशी दहा वेळा ते वाक्य ऐकवलंस.

आपलं लग्न दोन सीझनच्या मधल्या महिन्यात बसवलं. हळद अंगावरून उतरायच्या आत तुझं शिबिर लागलं. तू क्लबच्या फ्लॅटमध्ये आणखी तिघांबरोबर राहायचास, करार एकेका वर्षाचा, आणि मी नुकतीच शाळेत कायम झालेली. सगळे म्हणाले, तो जरा स्थिर होऊ दे, मग जा. मीही म्हणाले. स्थिर म्हणजे काय, हे तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही. मी तुझ्या खोलीत राहायला आले. तुझे ढाल-करंडक पुसायचे, तुझ्या बापाला वेळेवर गोळ्या द्यायच्या, तुझ्या आईबरोबर भाजी निवडायची, आणि तू टीव्हीत. कुणी विचारलं तर अभिमानानं सांगायचं, आणि अभिमान खराच होता. फक्त दार लावून घेतलं की खोलीत तो कुठं ठेवायचा ते कळायचं नाही.

आणि मग तुझा गुडघा गेला. कुणी धक्काही मारला नव्हता. पावसानं भिजलेल्या मैदानात तू वळलास आणि गुडघा तुझ्याबरोबर वळला नाही. आम्ही तिघं टीव्हीसमोर होतो. अप्पा उठून उभे राहिले आणि उभेच राहिले. मुंबईत ऑपरेशन झालं आणि तू घरी आलास. तुला आठवतंय, गच्चीवर पायाला वाळूची पिशवी बांधून तू पाय उचलायचास आणि मी शेजारी वह्या तपासत बसायचे? संध्याकाळी रंकाळ्यावर हळूहळू चालायचो. तू वैतागायचास, कारण म्हातारी माणसंसुद्धा आपल्याला मागं टाकून जायची. मी मुद्दाम आणखी हळू चालायचे. मोहित, मी हे तुला कधी बोलले नाही. तू त्या दिवसांना ‘वाया गेलेलं वर्ष’ म्हणतोस. माझ्या सगळ्या संसारात मला एकटं वाटलं नाही असे दिवस तेवढेच आहेत. तू रात्री दुखण्यानं कण्हायचास आणि मला तुझी काळजी वाटायची, आणि त्या काळजीच्या खाली कुठंतरी बरंही वाटायचं, की हा माणूस हाताला लागतोय. असं वाटणं बरोबर की चूक, मला ठरवता आलेलं नाही. लिहून टाकलं, एवढंच.

तू परत उभा राहिलास. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीच्या आधी उभा राहिलास. पण कोलकात्यानं पुन्हा बोलावलं नाही. मग एक सीझन केरळात, एक पंजाबात, मग बंगळूर, दर वेळी जरा लहान क्लब, जरा लहान मैदान. मी बघत होते. तुझं डोकं तेच होतं. तुला रिकामी जागा अजूनही सगळ्यांच्या आधी दिसायची. पण तू पाय उचलेपर्यंत समोरचा येऊन पोचलेला असायचा. वीस वर्षांची पोरं, अंगात नुसता वारा भरलेली. गेल्या सीझनला तुला दुसऱ्या हाफमध्ये काढून घ्यायला लागले, तेव्हा तू बाहेर येताना मान खाली घालून मोज्यांशी काहीतरी करत यायचास. कॅमेरा तुझ्याकडं यायच्या आत टॉवेल तोंडावर. अप्पा त्या वेळी हटकून पाणी प्यायला आत जायचे.

आणि हा सीझन. पहिल्या मॅचला तू नव्हतास. म्हणालास, मांडी धरलीय, पंधरा दिवसांचं काम. मग म्हणालास, कोच नवा आलाय, त्याला पोरं बघायचीत. मग म्हणालास, बाकावर होतो, कॅमेरा तिकडं गेला नसेल. मी ऐकत गेले. तुमची मॅच असली की मी मोबाइल टीव्हीला जोडून द्यायचे, अप्पा खुर्ची पुढं ओढून बसायचे, माई खाली भाजी घेऊन. शिट्टी झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं तुझा फोन. कोण कसा खेळला, गोल कुणाच्या चुकीनं झाला, कोच विश्रांतीत काय बोलला, सगळं सविस्तर. माई हुं हुं करत ऐकायच्या. मग फोन माझ्याकडं यायचा, आणि तोपर्यंत तुझ्याकडं बोलायला काही उरलेलं नसायचं.

डिसेंबरमध्ये आमच्या शाळेनं मला बंगळूरला विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. ते मी तुला कळवलं नाही, कारण मला तुला चकित करायचं होतं. माईंनी तिळाच्या लाडवांचा डबा दिला होता. प्रशिक्षण संपलं त्या दुपारी मी रिक्षा करून तुमच्या क्लबच्या सरावाच्या मैदानावर गेले. गेटवरचे मामा विजापूरकडचे निघाले. माहेर गडहिंग्लजचं असल्यामुळं मला मोडकंतोडकं कन्नड येतं, ते कामाला आलं. मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, अण्णा इल्ल, म्हणजे नाहीत. मला वाटलं, आज सराव नसेल. मी उद्याचं विचारलं. मग त्यांनी आधी मला बसायला खुर्ची दिली, त्यावरूनच मला काहीतरी समजलं. सीझन सुरू व्हायच्या आधीच क्लबनं तुला मोकळं केलं होतं. ते तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. अण्णा जाताना एकेकाला भेटून गेले म्हणाले. आणि आता कुठं असतोस तेही त्यांनीच सांगितलं, फर्निचरच्या दुकानामागचं टर्फ, ते नकली गवताचं भाड्यानं देतात तसलं मैदान, रिक्षावाल्याला कळेल अशा खुणांसकट. हे पाकीट मी त्याच पत्त्यावर टाकणार आहे.

मी तिथं आले, मोहित. दिवे नुकतेच लागले होते. हिरव्या जाळीच्या बाहेर स्कूटर लावलेल्या होत्या, त्यांच्या ओळीत मी उभी राहिले. आत कुठल्यातरी कंपनीतली माणसं खेळत होती, पोटं सुटलेली, कुणी चष्मा दोरीनं बांधलेला. तुझ्या गळ्यात शिट्टी होती आणि हातात त्यांना घालायच्या रंगीत बनियनांचा गठ्ठा. तू त्यांना कुठं उभं राहायचं ते दाखवत होतास. मग त्यांच्यात एक जण कमी पडला म्हणून तू स्वतः आत उतरलास. बॉल तुझ्याकडं आला. तू मान वळवून सगळं बघून घेतलंस, अगदी कॉलेजात घ्यायचास तसं, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून तो पलीकडं एका नारिंगी बनियनातल्या जाड माणसाच्या पुढ्यात टाकलास. त्याला तो पायानं घेता आला नाही, पोटानं घेतला, आणि कसाबसा जाळ्यात ढकलला. तो बिचारा धावत आला आणि त्यानं तुला मिठीच मारली. आणि तू हसलास. डोकं मागं टाकून, सगळे दात दिसतील असं. तसं हसताना मी तुला गुडघा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आमच्यासमोर तर नाहीच.

मी हाक मारणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ते हसणं बघितलं आणि पाय मागंच आले. मला वाटलं, मी जाळीतून आत आले की हे हसणं थांबेल. माझ्याकडं बघून तू आधी चेहरा सारखा करशील, मग काहीतरी सांगायला लागशील, आणि मी ते ऐकून घेईन. म्हणून मी परत फिरले. लाडू प्रशिक्षणातल्या बायकांना वाटून टाकले. घरी येऊन माईंना सांगितलं, सराव होता म्हणून थोडाच वेळ भेट झाली, लाडू फार आवडले. म्हणजे तू जे करत होतास तेच मीही करायला लागले. पुढच्या मॅचला मी पुन्हा मोबाइल टीव्हीला जोडला. तू नाहीस हे मला माहीत असताना अप्पांच्या शेजारी बसून तुला शोधल्यासारखं केलं. मी कधी अशी एकटी बसले नव्हते, घर भरलेलं असताना.

जानेवारी तसाच गेला. आणि गेल्या रविवारी काय झालं ते ऐक. मॅच सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील, नेट अडकलं. पडद्यावर ते गोल चाक फिरत राहिलं. एरवी अशा वेळी अप्पा रिमोट आपटतात, माझ्या नावानं हाका मारतात. त्या दिवशी ते हललेच नाहीत. मीही उठले नाही. माई मेथी निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. आम्ही तिघं त्या फिरणाऱ्या चाकाकडं बघत बसलो. मग माई म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे बंदच.’ अप्पा म्हणाले, असं कसं, पोरगं शेवटी आत उतरलं तर? त्यावर माईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुमास्नी ठावं हाय. मलाबी ठावं हाय. आता ही कशापायी रोज त्या वायरी जोडत बसती, ते तिला इचारा.’

अप्पांना नोव्हेंबरातच कळलं होतं. बाहेरच्या क्लबांत खेळून आलेला पेठेतलाच एक जुना खेळाडू गॅलरीत त्यांच्या शेजारी बसला होता, त्याला वाटलं घरात माहीत असेल. अप्पांनी माईंना जपायला म्हणून दर मॅचला खुर्ची पुढं ओढली. आणि माईंना कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला कसं समजलं. त्या म्हणाल्या, ‘खरंच खेळून आलेला असला की माझा ल्योक दोन शब्द बोलतोय. दमलोय, जेवतो, झोपतो. आता अर्धा-अर्धा तास मॅच सांगतोय. मला मॅचमधलं काय कळतंय? माझ्या पोराचं तेवढं कळतंय.’ त्यांनी ते अप्पांपासून लपवलं होतं, कारण रेल्वेचं भांडण पुन्हा निघेल. मी दोघांपासून. तिघं एका खोलीत, एका टीव्हीसमोर, एकमेकांसाठी. मग मी त्यांना बंगळूरचं सगळं सांगितलं. जाळी, शिट्टी, तो नारिंगी बनियनवाला, तुझं हसणं. माई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. ‘पास अजून बरोबर पडतोय का?’ मी म्हटलं, पडतो, अगदी पायात. ते म्हणाले, ‘मग झालं तर.’ आणि उठून टीव्हीचं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा दारात येऊन म्हणाले, त्याला सांग, रेल्वेचं मी कवाच इसरलोय. ते विसरलेले नाहीत, हे तुलाही माहीत आहे. पण त्यांनी ते म्हटलं.

माझं मात्र एक कोडं सुटलेलं नाही, आणि ते मी त्या दोघांना बोलले नाही. तू हे लपवलंस ते लाजेनं, की सांगितलं असतंस तर घरी परत यावं लागलं असतं म्हणून? लाज असेल तर ती या घरात आता कुणालाच वाटत नाही, ती टाकून दे. पण दुसरं असेल, तिथं तुला कुणी ओळखत नाही म्हणूनच तुला तसं हसता येत असेल, तर तेही मला समजेल. कोल्हापुरात तुला नुसतं चहा प्यायलासुद्धा बाहेर पडता येणार नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर ‘कवा खेळणार’ विचारतील. मी इथं रोज त्या प्रश्नातून गाडी काढते, मला ठाऊक आहे. तू परत ये असं मी म्हणत नाही. जून महिन्यापासून शाळेतून वर्षभर बिनपगारी रजा मिळते का, हे मी मुख्याध्यापकांना विचारून ठेवलंय. मिळते म्हणाले. पण तुझ्याकडं जागा आहे की नाही हे मला माहीत नाही. खोलीतली जागा मी विचारत नाहीये.

हे सगळं मी फोनवर बोलणार होते. गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा बोलणारच होते. माईंनी मला खुणेनं थांबवलं आणि नेहमीसारखं हुं हुं करत तुझी सगळी मॅच ऐकून घेतली, आमच्या टीव्हीवर अर्धवट राहिलेली ती मॅच. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, ‘फोनवर इचारलं तर त्याला धरल्यागत हुईल गं. तू लिव्ह. वाचताना एकटा असंल, तोंड लपवाय नको.’ म्हणून हे पत्र. उद्या टाकता येणार नाही, सोमवारी शाळेला जाताना टाकीन, तुला आठवड्यात मिळेल. त्याच्या पुढच्या रविवारी तुमच्या, म्हणजे त्यांच्या क्लबची मॅच आहे. आम्ही ती लावणार नाही. अप्पांनी त्या संध्याकाळी माईंना जोतिबाला न्यायचं ठरवलंय. घरात मी एकटीच असेन. तू फोन कर. कोण कसा खेळला ते सांगू नकोस. तो नारिंगी बनियनवाला आता पायानं बॉल घेतो का, ते सांग, किंवा जेवलास काय ते सांग. आणि काहीच सुचलं नाही तर गप्प राहा, नुसता कानाला धरून ठेव. मी फोन ठेवणार नाही.

तुझीच,
अनुजा